‘पुढे काय झाले?’ : संहितेशिवाय तमाशापट उभा करताना

आजोबांच्या ट्रंकेत जुन्या सिनेमांच्या गाण्यांच्या चोपड्या होत्या. पातळ कागद, आठ-दहा पानं, थेटराबाहेर काही आण्यांना मिळणाऱ्या. आत गाणी, नटमंडळींची नावं आणि पानभर कथासार. हे कथासार शेवटपर्यंत कधी जायचंच नाही. पाटलाच्या धाकट्या भावाचा जीव तमाशाच्या फडातल्या बाईवर जडला, थोरल्यानं भर जत्रेत त्याला घराबाहेर काढलं, आणि मग? ‘पुढे काय झाले? ते रुपेरी पडद्यावर पाहा.’

आमच्या प्रयोगाची कल्पना या एका ओळीतून निघाली. प्रेक्षकांकडून गावाचं नाव, एखादी वस्तू आणि एक भांडण घ्यायचं. एका नटानं तिथल्या तिथं कथासार रचून चोपडीतून वाचल्यासारखं सांगायचं, ऐन वळणावर थांबायचं आणि पुढचा तास-सव्वातास आम्ही सहा जणांनी तो तमाशापट, म्हणजे तमाशाच्या फडाभोवती फिरणाऱ्या जुन्या मराठी सिनेमासारखी गोष्ट, रंगमंचावर घडवायचा. संवाद लिहिलेले नाहीत, शेवट ठरलेला नाही. हे सगळं करताना जे शिकलो, ते अशा वाटेला लागणाऱ्यांसाठी लिहितोय. यातलं बरंचसं आधी कुणी सांगितलं असतं तर आमचे दोन-तीन महिने वाचले असते.

तमाशापटच का, हे नवे लोक नेहमी विचारतात. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’नं वाट पाडली आणि १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद थेटरात १३१ आठवडे चालला. पुढची दीड-दोन दशकं कोल्हापूरच्या स्टुडिओंतून हा प्रवाह वाहत राहिला. वाडा, चावडी, जत्रा, फड, बैलगाडी, तुळशीवृंदावनापुढं उभी घरची लक्ष्मी, शेवटी सवाल-जवाब. हा ऐवज मराठी माणसाच्या इतका ओळखीचा आहे की पडदा उघडल्यावर काहीच समजावून सांगावं लागत नाही. इम्प्रोव्ह, म्हणजे संहितेशिवाय ऐनवेळी नाटक रचणाऱ्याला यासारखी मदत नाही. प्रेक्षकाला पुढचं वळण साधारण ठाऊक असतं, आणि ते आज कसं येतंय हे बघायला तो पुढं सरकून बसतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ऐनवेळी रचणं ही काही बाहेरून आणलेली गोष्ट नाही. वगाचं, म्हणजे तमाशातल्या नाट्याचं कथानक ठरलेलं असायचं, बोलणं मात्र बरंचसं जागच्या जागी सुचायचं. सिंधुदुर्गात दशावतारी कंपन्या आजही आख्यान ठरवून लेखी संवादांशिवाय रात्र जागवतात. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याची संहिता होती, तरी दादा कोंडके त्यात त्या त्या दिवसाच्या बातम्या मिसळत. सिनेमानं तमाशा रिळात पक्का केला. तो पुन्हा सैल करून बघावा, ही आमची ओढ होती.

आम्ही बारा सिनेमे निवडले. एकदा नुसते पाहिले. दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहिले, म्हणजे कोण कुठं उभं राहतं, बायका पदर कधी सावरतात, पाटील कधी उठतो हे दिसतं. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकले. प्रत्येकाच्या हातात वही, आणि वहीत संवाद उतरवायचे नाहीत असा नियम. कितव्या मिनिटाला काय घडलं, एवढंच लिहायचं. वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा एक गोष्ट उठून दिसली. आमच्या बारांपैकी बहुतेक सिनेमांत सुरुवातीलाच कुणीतरी कुणाला शब्द देतं. मरणाऱ्या बापाला, बहिणीला, गावाला, देवाला. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे तो शब्द मोडतो का पाळला जातो, आणि त्यापायी कोण भरडलं जातं, याची गोष्ट.

त्या दिवसापासून आमचा एकच पक्का नियम झाला: पहिल्या तीन प्रवेशांत शब्द दिला गेला पाहिजे. तो कुणी द्यायचा, कशाचा, हे ठरवायचं नाही. पण तो दिला गेला की ढोलकीवाला एक थाप देतो आणि सहाही जणांना कळतं, आता गोष्टीला खुंटा मिळाला. तुम्ही दुसरा कुठला जुना प्रकार घ्याल, संतपट घ्या किंवा पन्नासच्या दशकातले मुंबईचे गुन्हेपट घ्या, तर आधी त्या प्रकाराचा असा खुंटा शोधा. तो सापडेपर्यंत वेशभूषेचा विचारही करू नका.

आम्ही नेमकं उलट केलं होतं. ओळखीतल्या चाळीस जणांसमोर पहिला प्रयोग केला, तेव्हा फेटे होते, चिकटवलेल्या मिशा होत्या, मांडीवर थापा होत्या, गावरान बोलीचा नुसता पाऊस होता. पहिली पंधरा मिनिटं हशा पिकला. नंतर लोक थकले. शेवटी नायिका गाव सोडून निघाली तेव्हा कुणाला तिचं काही वाटलं नाही, कारण आम्हालाच वाटत नव्हतं. फडांत पुष्कळ वर्षं ढोलकी वाजवलेले एक काका आम्ही मुद्दाम बोलावले होते. ते म्हणाले, “तुम्ही पाटलाची नक्कल करताय. पाटील कुठाय?”

पुढचा दीड महिना आम्ही या प्रश्नावर घालवला. विनोद बंद केला असं नव्हे. सोंगाड्या आहेच, बतावणी म्हणजे त्याची हजरजबाबी थट्टा आहेच. पण पाटील पाटलासारखा, त्याचं दुःख खरं. प्रकाराकडे वरून बघायचं नाही, त्यात उतरायचं. त्या काळच्या प्रेक्षकानं या सिनेमांत रडून घेतलंय. त्या रडण्याचा मान राखला की हशाही जास्त मोकळा येतो, हे आम्ही प्रयोगामागून प्रयोग अनुभवतोय.

बोलीचा गुंताही इथंच सुटला. शहरात वाढलेल्या नटानं कोल्हापुरी बोली ओढून आणली की ती चेष्टा वाटते. आता ज्याच्या घरी जी बोली, ती तो बोलतो. आमच्यातली एक जण मालवणी बोलते, एक वऱ्हाडी. गोष्टीत त्याचं कारण लगेच मिळतं: सून मालवणातली, कारभारी वऱ्हाडातून आलेला. ज्याच्या घरी कुठलीच बोली नाही, तो मामलेदार किंवा मास्तर होतो आणि प्रमाण मराठी बोलतो. सिनेमातही मास्तर तसाच बोलायचा.

आता सरावाचं सांगतो, कारण ‘ऐनवेळी करायचंय तर तालमी कशाला’ असं विचारणारे भेटतातच. आठवड्यातून दोन संध्याकाळी, चौदा आठवडे तालीम केली. सगळ्यात जास्त कामी आला तो वाड्याचा खेळ. नाट्यशिक्षक कीथ जॉनस्टन यांनी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये नटांकडून स्टेटसचे खेळ करून घेतले, म्हणजे दोन माणसांत या क्षणी वर कोण आणि खाली कोण, हे बसण्या-उठण्यातून आणि नजरेतून दाखवणं. आमच्याकडे त्यासाठी अख्खी वास्तूच तयार आहे. झोपाळा, बैठक, ओसरी, पायरी, अंगण. वाक्य एकच: “पाटील, आलो होतो.” ते पाचही ठिकाणांवरून म्हणायचं. अंगणातून म्हटलं की विनवणी होते, पायरीवरून म्हटलं की काम, ओसरीवरून म्हटलं की बरोबरी. आणि कुणी परवानगी न घेता झोपाळ्यावर बसून म्हटलं, तर नुसत्या तेवढ्यावर प्रवेश पेटतो. रंगमंचावर आमच्याकडे फक्त एक बाक आणि दोन पाट आहेत, तरी प्रेक्षकांना वाडा दिसतो तो या सरावामुळे.

सवाल-जवाब हा सगळ्यात भीतीचा भाग. गाता गाता काव्य रचायचं, तेही समोरच्यानं टाकलेल्या कोड्यावर. सुरुवात ओवीनं करा. ओवीचे तीन चरण यमकाचे आणि चौथा आखूड, मोकळा, त्यामुळे जीभ लवकर सैल होते. मग दोन ओळींवर या. युक्ती अशी की दुसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द आधी मनात धरायचा आणि वाक्य त्याच्याकडे चालत न्यायचं. पहिली ओळ सुचेल तशी म्हणायची नाही, दुसरीला सोयीची म्हणायची. तालमीत एकीनं टाकलेला सवाल अजून लक्षात आहे:

पाण्यात राहून भिजत न्हाई, सांग शाहिरा फडात
कमळाचं पान भिजत न्हाई, जरी उभं ते तळ्यात

फार मोठं काव्य नाही, पण तालात बसलं आणि जागेवर आलं. खरा आधार झीलकऱ्यांचा, म्हणजे मागं उभं राहून साथ गाणाऱ्यांचा. गायिकेची ओळ ते दोनदा उचलून धरतात, आणि तेवढ्या वेळात पुढची ओळ जुळते. झील नुसती आवाजाला भर घालत नाही, विचार करायला उसंत देते, हे मला कागदावर वाचून कधी कळलं नसतं. गाता येत नाही म्हणून मागं राहणाऱ्या नटांना मी पहिल्यांदा झीलला उभं करतो. महिनाभरात ते स्वतःहून पुढं येतात.

सिनेमातली गाणी आम्ही घेत नाही. हक्कांचा प्रश्न आहेच, शिवाय ओळखीची लावणी सुरू झाली की प्रेक्षक आठवणीत जातो आणि समोरची गोष्ट सुटते.

वादकांबद्दल एक आग्रह धरीन: ढोलकीवाला पहिल्या तालमीपासून हवा. आमच्याकडे प्रवेश संपवण्याचा अधिकार त्याचा आहे. तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून केलेला शेवट, पडली की प्रवेश संपला, मग तुमच्या तोंडात कितीही चांगलं वाक्य असो. प्रकाशयोजना सांभाळणारी मुलगीही तशीच सातवी नट. दिव्यांवर लावायचा रंगीत जिलेटिन कागद आम्ही वापरतच नाही. नुसता पांढरा प्रकाश, आणि कपडे काळे, पांढरे, राखाडी. पहिल्या मिनिटाला डोळ्यांना ते जाणवतं, नंतर सिनेमा पाहतोय असंच वाटू लागतं.

बायकांच्या भूमिकांवर आमच्यात वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. जुन्या साच्यात नटीला दोनच जागा: नाचणारी आणि घरी वाट बघणारी. सलग तीन तालमींत आमच्या दोघी त्याच दोन जागी अडकल्या. प्रत्यक्षात विठाबाई नारायणगावकरांसारख्या बायकांनी स्वतःच्या नावाचे फड चालवले, माणसं पोसली. तमाशा जगवला तो महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतल्या कलावंतांनी, आणि पडद्यावरच्या गुळगुळीत गोष्टींत ते फारसं दिसलं नाही. म्हणून आमच्या गोष्टीत फडाचा हिशोब फडमालकिणीच्या हातात असतो, खेळाची सुपारी घ्यायची की नाही हे ती ठरवते. एवढ्यानं गोष्टीचे सांधेच बदलतात. पाटलाला तिच्याकडे येऊन बोलणी करावी लागतात, आणि पायरीवर तो उभा असतो. आणखी एक: प्रत्येक प्रयोगाआधी सगळे गोल उभे राहून एकमेकांना सांगतात, आज हात धरला तर चालेल, मिठी नको, ढकलणं नको. ऐनवेळीच्या खेळात हे आधी बोललेलं नसलं तर माणूस मोकळा होत नाही.

शेवटाची तयारी वेगळी करावी लागते. नवे गट शेवटाकडे येईपर्यंत पाच धागे सोडून बसतात. तमाशापटानं यावर उपाय दिलेलाच आहे: शेवटी सगळं गाव एका जागी येतं, जत्रेत किंवा चावडीवर. आमचा हार्मोनियमवाला साठाव्या मिनिटाला जत्रेची धून धरतो. ती ऐकली की प्रत्येकानं आपलं पात्र, कुठंही असो, जत्रेत आणायचं, आणि शब्दाचा निकाल तिथं लावायचा. नवं पात्र, नवं गुपित त्यानंतर काढायचं नाही.

व्यवहाराचं एक. महाराष्ट्रात नाटकाच्या जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. तुमच्याकडे संहिताच नसणार. तेव्हा हॉलचे पैसे भरण्याआधी मंडळात आणि हॉलच्या कार्यालयात प्रयोगाचं स्वरूप लेखी कळवून विचारणा करा. गण (सुरुवातीचं गणेशवंदन), कथासार सांगण्याची पद्धत, प्रवेशांचा आराखडा, नियम, असा चार पानांचा मजकूर तयार ठेवा. तो नव्या नटाला पहिल्या दिवशी हातात द्यायलाही उपयोगी पडतो.

आणि तुम्हाला आजच सुरुवात करायची असेल, तर हॉल नकोच. दहा मित्र जमवा, एका ढोलकीवाल्याला गाठा, वीस मिनिटांची गोष्ट करा. एकानं कथासार सांगावं, वळणावर थांबावं. मग कुणीतरी अंगणात येऊन उभं राहावं आणि म्हणावं, “पाटील, आलो होतो.”