कार्निव्हलच्या चित्ररथावर रोमन ग्लॅडिएटरांची शाळा

पणजीच्या मिरवणुकीत कार्निव्हलच्या राजाच्या, किंग मोमोच्या मागे रोमन लढवय्ये उभे करायचे, तर लढाईपेक्षा सराव दाखवा. ग्लॅडिएटर वर्षातून मोजक्याच वेळा आखाड्यात उतरायचा, उरलेले दिवस शाळेत जायचे. त्या शाळेला म्हणत ‘लुडुस’, तिच्या मालकाला ‘लानिस्ता’ आणि शिकवणाऱ्याला ‘डॉक्टोर’.

आधी खांब. लॅटिनमध्ये ‘पालुस’. सहा रोमन फूट, म्हणजे जमिनीपासून साधारण १.८ मीटर. सराव याच्यावरच चाले आणि अव्वल लढवय्याला ‘प्रिमुस पालुस’ म्हणत, म्हणून चित्ररथात हा मधोमध हवा. माडाचा सोट शोभतो, पण जड असतो. सुरूचा वासा पुरे. बुडाशी फळ्यांची फुली ठोकून तिच्या चारही टोकांवर एकेक चिरा बांधा. चिरे नुसते ठेवले, तर ट्रकने पहिला ब्रेक मारताच खांब कलंडतो.

तलवारी लाकडीच, ६० सेंटीमीटरच्या. रोमन सैन्यात नवख्यांच्या हाती दुप्पट वजनाची लाकडी तलवार आणि कामट्यांची दुप्पट जड ढाल देत, म्हणजे खरे हत्यार हलके वाटावे. तुम्ही तो नाद करू नका. दोन तासांच्या मिरवणुकीत पोरांची मनगटे भरून येतात.

जोड्या लावताना मात्र चूक नको. जाळेवाला रेटियारियुस आणि त्याच्यासमोर सेकुटोर, ही ठरलेली जोडी. सेकुटोरचे शिरस्त्राण गुळगुळीत, बिनकडांचे, डोळ्यांपुरती दोन छोटी भोके असलेले. जाळे त्यावर अडकू नये म्हणून. कागदाच्या लगद्याचे करताना ही भोके मोठी करण्याचा मोह होतो. नका करू, त्याऐवजी मागून हवेला वाट ठेवा आणि दर दहा मिनिटांनी माणूस बदला. फेब्रुवारीत दुपारी आत घाम डोळ्यांत उतरतो. रेटियारियुसला शिरस्त्राण नसतेच: डाव्या खांद्यावर पत्र्याचे कवच, त्रिशूल, खंजीर.

जाळ्यासाठी पाग, म्हणजे मासे धरायचे फेकजाळे, चांगला, पण शिशाचे मणी काढा, नाहीतर कुणाचा दात पडेल. मणी काढले की जाळे उघडत नाही. काठाला जाड सुती दोर शिवून भिजवा. फेक कमरेच्या वर जाऊ देऊ नका, वर विजेच्या तारा असतात.

जेवणाचा कोपराही मांडा. ग्लॅडिएटरांना ‘जव खाणारे’ म्हणत. आजच्या तुर्कस्तानातल्या इफेससला १९९३ साली सापडलेल्या त्यांच्या दफनभूमीतील हाडांच्या तपासणीतूनही, आहारात धान्य आणि कडधान्येच जास्त असल्याचे दिसले. म्हणून मांसाच्या राशी नकोत. जवाची पेज आणि वाल पुरेत. भिंतीला मात्र मांस भाजायच्या सळया टांगा. इ.स.पू. ७३ मध्ये स्पार्टाकुस आणि त्याचे साथीदार कापुआच्या शाळेतून निसटले, ते स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि अशाच सळया घेऊन.

एक वैद्यही उभा करा. गालेन पेर्गामॉनमध्ये ग्लॅडिएटरांचा वैद्य होता. धंदेवाईक लढवय्या महाग पडे, म्हणून त्याला मरू देणे मालकाला परवडणारे नव्हते.

‘सीझर, मरणाऱ्यांचा तुला प्रणाम’ हा फलक तेवढा लावू नका. ते शब्द इ.स. ५२ मध्ये सम्राट क्लॉडियुससमोर, तळ्यावरच्या नौकायुद्धातल्या कैद्यांनी म्हटल्याची नोंद आहे. ग्लॅडिएटरांचा तो रिवाज नव्हे.