ईजीआर व्हॉल्व्ह: काढला, धुतला, परत बसवला
परशुराम घाटात आमची डिझेल गाडी दम टाकायला लागली. मागे काळा धूर, आयडलिंगला थरथर आणि चेक इंजिनचा दिवा. स्कॅनरवर कोड आला पी०४०२, म्हणजे ईजीआरमधून (इंजिनाचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) नको तेवढा धूर परत इंजिनात.

चिपळूणचा मेकॅनिक म्हणाला, "प्लेट मारून बंदच करू, दादा. पीयूसीत कळणार पण नाही." खरंय, डिझेलच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. पण ते कमी करायलाच तर हा व्हॉल्व्ह! शिवाय गाडीत असे फेरफार करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच.

इंजिन गार झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह काढली. बोल्ट गंजलेले, खाऱ्या हवेत दुसरं काय होणार. रस्ट स्प्रे मारून रात्रभर तसेच ठेवले. आत डांबरासारखी चिकट काजळी आणि झडप अर्धी उघडीच अडकलेली. कार्ब क्लीनर आणि जुन्या टूथब्रशने घासली. व्हॉल्व्हच्या इलेक्ट्रिक मोटरच्या बाजूला थेंबही जाऊ द्यायचा नाही, व्हॉल्व्ह उलटा धरायचा. झडप बोटाने दाबून सहज परतायला लागली तेव्हाच थांबलो.

कोड पुसला, तो परत आला नाही. गॅस्केट (सांधा बंद करणारी चकती) मात्र नवीच घाला. जुनी लावली की तिथून धूर फुसफुसतो.