मेसच्या जेवणावर वीस-पंचवीस किलो वजन कसं कमी करावं

सकाळी आठचं लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी क्लास आणि रात्री उशिरापर्यंत सबमिशन. जेवण मेसचं, म्हणजे काय शिजणार हे आपल्या हातात नाही. गाव सोडून पुण्यात किंवा नागपुरात शिकायला आलेल्या कितीतरी मुलामुलींचा दिवस असा जातो आणि पहिल्या वर्षातच वजन चढायला लागतं. ते उतरवायचे बहुतेक सल्ले मात्र ज्याच्याकडे स्वयंपाकघर आणि मोकळी सकाळ आहे त्याच्यासाठी दिलेले असतात. इथली पद्धत मेस, टपरी आणि हॉस्टेलची खोली धरूनच सांगितली आहे.

पायरी 1: आधी डॉक्टरांना भेटा

वजन खूप जास्त असेल तर ही पायरी टाळू नका. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल आणि थायरॉइडची टीएसएच चाचणी करून घ्या. मान किंवा काखेतली कातडी काळवंडून जाडसर झाली असेल, पाळी अनियमित असेल, झोपेत जोरात घोरून दिवसा पेंग येत असेल, तर ते आवर्जून सांगा. काही औषधांनीही वजन वाढतं, त्यामुळे चालू गोळ्यांची नावं जवळ ठेवा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. वजन घटवण्याची इंजेक्शनं आता सर्रास ऐकू येतात. ती घ्यायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावं, जिममधल्या ओळखीच्याने नव्हे.

पायरी 2: मुदत सेमिस्टरमध्ये मोजा

समजा उंची 170 सेंटिमीटर आणि वजन 95 किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, येतो जवळपास 33. आपल्याकडे 23 च्या पुढे जास्त वजन आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात. 72 किलोवर आलात की बीएमआय 25 च्या आत येतो, म्हणजे 23 किलो कमी करायचे आहेत. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. रोज 500 कॅलरी कमी पडल्या तर आठवड्याला जेमतेम अर्धा किलो उतरेल, आणि 23 किलोला जवळजवळ वर्ष लागेल. शरीर हलकं होतं तसा त्याचा खर्चही घटतो, त्यामुळे पुढे पुढे गती मंदावते. मधे परीक्षा, दिवाळी आणि घरची लग्नं येणारच. म्हणून दीड वर्ष धरा, म्हणजे तीन सेमिस्टर: पहिल्यात नऊ-दहा किलो, दुसऱ्यात सात-आठ, तिसऱ्यात उरलेले.

परीक्षेच्या महिन्यात वजन कमी करायचंच नाही, आहे ते टिकवायचं. माझ्या मते विद्यार्थ्याच्या दृष्टीने संपूर्ण आखणीत सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. ओरल तोंडावर असताना कमी खाऊन अभ्यास होत नाही, चिडचिड होते, आणि मग एका रात्रीत सगळा नेम मोडतो. तो महिना आधीच बाजूला काढून ठेवला की मोडण्यासारखं काही उरत नाही.

पायरी 3: मेसचं ताट बदला

अनलिमिटेड थाळीत पोट कशाने भरतं ते पाहा: पाच चपात्या, वर भाताचा ढीग आणि तेलाचा तवंग असलेली रस्साभाजी. एका मध्यम चपातीत साधारण 100 कॅलरी, तेल लावलेली असेल तर जास्त. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात 120. पोटात जातं बरंच, पण प्रथिनं त्या मानाने थोडी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं सांगणं आहे की निम्मं ताट भाज्या आणि फळांनी भरावं. मेसमध्ये ते जमवायचं तर काकडी, गाजर, टोमॅटो स्वतः विकत घेऊन डब्यातून न्या. बसल्याबरोबर ते खा, मग आमटी किंवा उसळ, आणि मग चपाती. पाच चपात्यांवरून एकदम दोनवर येऊ नका. आधी चार, दोन आठवड्यांनी तीन. भात वाटीने घ्या. वाढणाऱ्या काकूंना एकदा नीट सांगा, "काकू, मला रस्सा नको, नुसत्या फोडी द्या आणि आमटी खालून ढवळून द्या." रोज तेच सांगितलं की चार दिवसांत त्या स्वतःहून तसं वाढतात.

आता प्रथिनं. वजन उतरताना स्नायू टिकावेत आणि भूक आवरावी यासाठी ती लागतात. वरच्या उदाहरणात दिवसाला 70 ते 85 ग्रॅम पुरतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. 50 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत 25 च्या आसपास, मूठभर फुटाण्यांत पाच-सहा, मोठी वाटी दह्यात सहा-सात. हॉस्टेलमध्ये केटल चालत असेल तर अंडी उकडता येतात आणि सोयाबीन वड्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, वर कांदा-लिंबू-तिखट घालून खाता येतात. केटल चालत नसेल तर भिजवून मोड आणलेली मूग-मटकी फडक्यात बांधून ठेवा. शेंगदाणे चांगले, पण 100 ग्रॅममध्ये 560 कॅलरींच्या वर जातात. पाकिटातून खात बसू नका. प्रोटीन पावडर चालते, पण ती नसल्याने कुणाचं अडत नाही.

रविवारी दुपारी फिस्ट असते आणि रात्री मेस बंद. आठवड्याचा हिशेब बहुतेकांचा इथेच चुकतो, कारण रात्री मित्रांबरोबर बाहेर चायनीज होतं. फिस्टला गोड एक वाटी घ्या, दुसऱ्यांदा मागू नका. रात्रीसाठी दही, फळं, अंडी किंवा मोडाची मटकी आधीच आणून ठेवा.

पायरी 4: टपरीवरचा हिशेब

चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर: 40 ग्रॅम साखर, 160 कॅलरी. एक वडापाव 300 च्या घरात. 600 मिलीच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत साखर 60 ग्रॅमच्या पुढे जाते. टपरीवर जाणं सोडायचं कारण नाही, दोस्ती तिथेच होते. दोन चहा कमी साखरेचे घ्या, कोल्ड्रिंक पूर्ण बंद करा, वडापाव आठवड्यातून एकदा खा. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि वडे खाल्ले तर नेहमीच्या दिवसापेक्षा जास्त पोटात जातं. त्याऐवजी भगर-आमटी, ताक, फळं बरी.

दोन वेळा जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं, यावर घराघरांत वाद झाले आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात ती दोन जेवणांची पद्धत मेसच्या वेळांशी जुळते, म्हणून अनेकांना सोपी जाते. पण दुपारनंतर हात थरथरत असतील किंवा रात्री जेवणावर तुटून पडत असाल, तर मधे फुटाणे आणि फळ घ्या. मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाची वेळ चुकवू नका.

पायरी 5: चाला, आणि आठवड्यातून दोनदा ताकद वाढवा

95 किलोचा माणूस पाऊण तास भराभर चालला तर 200 ते 250 कॅलरी खर्च होतात. पाऊण तास सलग मिळत नसेल तर बसने एक स्टॉप आधी उतरा, जेवणानंतर पंधरा मिनिटं फिरा, फोनवर बोलताना चाला. पुण्यात असाल तर फर्ग्युसनमागची हनुमान टेकडी आणि 103 पायऱ्यांची पर्वती आहेच, पण गुडघे दुखत असतील तर पहिले दोन-तीन महिने सपाट रस्त्यावरच चाला. धावायची घाई नको.

ताकदीसाठी खोली पुरते. खुर्चीवर बसून उठणं, भिंतीला हात टेकून पुशअप, पुस्तकांनी भरलेली सॅक कमरेतून वाकून पोटाकडे ओढणं. प्रत्येकी दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या. वीस मिनिटं लागतात.

पायरी 6: झोप

झोप कमी झाली की भूक वाढते आणि मन गोड-तळलेल्याकडेच धावतं. सात तास झोपा. नाईट मारावीच लागली तर शेजारी फुटाणे आणि ताक ठेवा, मॅगी आणि बिस्किटांचे पुडे खोलीत आणूच नका.

पायरी 7: मोजमाप आणि माणसं

सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. पहिल्या पंधरवड्यात दोन-तीन किलो झपकन उतरतात, ते बरंचसं पाणी असतं. नंतर गती मंदावली म्हणून घाबरू नका. मुलींचं वजन पाळीच्या आसपास पाण्यामुळे वर जातं, तेव्हा मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी ताडून पाहा. महिन्यातून एकदा कंबर मोजा. पुरुषांची 90 आणि स्त्रियांची 80 सेंटिमीटरच्या आत यावी.

दिवाळीला घरी जाण्याआधीच आईला फोन करून सांगा, "आई, या वेळी माझ्यासाठी उसळ आणि थालीपीठ कर." नुसतं 'मी डाएटवर आहे' म्हटलं की तिच्या जिवाला घोर लागतो, काय खाणार हे सांगितलं की ती तेच आनंदाने करते. फराळ जेवणानंतर छोट्या ताटलीत घ्या, गप्पा मारताना डबा जवळ ठेवू नका.

मित्र 'जाड्या' म्हणून चिडवत असतील तर एकदा स्पष्ट सांगा की हे थांबव. अशा चिडवण्यामुळे मुलं जेवण सोडतात आणि आजारी पडतात. चक्कर येणं, केस मुठीने गळणं, पाळी बंद होणं, खाऊन मुद्दाम उलटी काढणं, खाण्याचीच भीती वाटणं, यातलं काहीही सुरू झालं तर वजन कमी करणं थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन 14416 वर आहे.

पायरी 8: ठरलेल्या आकड्यावर आल्यावर

लगेच पाच चपात्यांवर परतू नका. रोजच्या जेवणात एक चपाती वाढवा आणि दोन आठवडे वजन पाहा. स्थिर राहिलं तर आणखी थोडं वाढवा. चालणं आणि प्रथिनं तशीच ठेवा. वजन दोन किलोंनी वर गेलं की महिनाभर तिसऱ्या पायरीवरचं ताट पुन्हा सुरू करा.