मॉडेलर ट्यूब अँपला जोडल्यावर आवाज दबका येतो: माझा अनुभव

हेडफोनवर झकास वाजणारा गिटारचा मॉडेलर (अँप आणि स्पीकरची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) ट्यूब अँपच्या (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या अँप्लिफायरच्या) पुढच्या इनपुटला लावला की आवाज गोधडीखालून आल्यासारखा, गेन वाढवला की वर किरकिर. ट्रेबल वाढवून पाहिला, केबल बदलली, प्रीसेट नव्याने बांधले. अक्षरशः वैताग आला.

कारण असं, की सिग्नल दोन प्रीअँप (अँपमधला आवाज घडवणारा पहिला टप्पा) आणि दोन कॅबिनेटमधून (स्पीकरच्या पेट्यांमधून) जात होता: आधी मॉडेलरमधल्या, मग खऱ्या.

जमलं ते या क्रमाने. अँप बंद केला. स्पीकरची केबल मात्र जोडलेलीच ठेवली (लोडशिवाय ट्यूब अँप चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो). मॉडेलरचं आउटपुट अँपच्या मागच्या इफेक्ट्स रिटर्नला लावलं (बाहेरच्या इफेक्ट्सच्या लूपमधून सिग्नल परत येतो ते इनपुट). सिरीज लूपमध्ये (सगळा सिग्नल लूपमधूनच जातो तिथे) यामुळे अँपचा प्रीअँप वगळला जातो. लूप पॅरलल असेल (अँपचा मूळ सिग्नलही सोबत मिसळत असेल) तर लूपचा मिक्स पूर्ण १०० टक्के. मग मॉडेलरमधला कॅब ब्लॉक (कॅबिनेटची नक्कल) बंद केला आणि पूर्ण अँपऐवजी फक्त प्रीअँपचं मॉडेल निवडलं, कारण पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणारा अँपचा शेवटचा टप्पा) इथे खऱ्याच आहेत. शेवटी मॉडेलरचा आवाज शून्यावर ठेवून अँप सुरू केला आणि हळूहळू वाढवला. काही अँपमध्ये मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) लूपच्या आधी असतो, तिथे आवाज मॉडेलरवरूनच कमी-जास्त होतो.

आता पिकचा पहिला टोलाही स्वच्छ ऐकू येतो. थेट मिक्सरला वाजवायचं असेल तेव्हा कॅब ब्लॉक परत चालू करा.