बोळाचं तोंड आधी बघा, मग मेंढ्या आणा

पाऊस तोंडावर आलाय. लस, जंतनाशक, खुरधुणी सगळं एकदम उरकायचं आणि अख्खा कळप वाड्यातल्या त्याच एका अरुंद बोळातून, म्हणजे मेंढ्या एकामागे एक जातील अशा कुंपणाच्या वाटेतून, काढायचा. रोगाने गेलेल्या मेंढ्यांबद्दल सगळे बोलतात. वाड्यातच चेंगरून गुदमरलेल्या मेंढ्यांबद्दल कुणी बोलत नाही, आणि त्या मी कमी पाहिलेल्या नाहीत. जागा जवळपास दरवेळी तीच : बोळाचं तोंड.

पुढची मेंढी तोंडाशी थबकते. मागून माणसं ओरडतात, कुत्रं सोडतात. मागच्यांना पुढचं काही दिसत नाही, त्या रेटत राहतात. कोपऱ्यात एकीवर एक चढते आणि खालची काही मिनिटांत जाते. गाभण मेंढी त्यातून वाचली तरी पुढे गाभडण्याची भीती राहतेच.

थबकते म्हणून तिला आडमुठी म्हणू नका. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. पाठीमागची थोडी जागा सोडली तर तिला चहूकडचं दिसतं, पण खोलीचा अंदाज कच्चा. आडवी सावली तिला खड्डा वाटते, डबकं म्हणजे विहीरच. उजेडातून अंधाऱ्या पत्र्याखाली शिरायला ती तयार नसते. समोरून ऊन डोळ्यांवर येत असलं तरी अडते. म्हणून कळप आणण्याआधी रिकाम्या बोळातून तुम्ही गुडघ्यांवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून एकदा जा. कुंपणाला अडकलेलं फडकं, लोंबती साखळी, फाटकाआड उभा माणूस, सगळं तिथूनच दिसेल. या एवढ्याशा कामाचा कंटाळा केल्याने किती मेंढ्या गेल्या असतील!

बांधणीची मापं :
- बोळाची रुंदी : मोठ्या मेंढीला 45 ते 50 सें.मी. मेंढी आत वळू शकली तर बोळ रुंद झाला. अंगावर लोकर दाट असेल तर थोडा सैल ठेवा.
- उंची : 85 ते 90 सें.मी.
- बाजू : भरीव, बाहेरचं दिसू नये अशा.
- शेवटचं फाटक : जाळीचं, पलीकडचं दिसणारं.
- जमीन : मुरूम किंवा खरबरीत काँक्रीट, किंचित चढाची.

आता पुन्हा तोंडाकडे. दोन्ही बाजू सारख्या तिरक्या केल्या की दोन मेंढ्या खांद्याला खांदा लावून अडकतात. एक बाजू बोळाच्या रेषेत सरळ ठेवा, दुसरी साधारण 30 अंशांनी तिरकी. तोंडासमोरचा कप्पा निम्म्याहून जास्त भरू नका. तोंडाशी चिखल होत असेल तर पहिल्या सरीआधी मुरूम टाका, बाकीची कामं मागे राहिली तरी चालतील.

तयार लोखंडी पॅनेल आणि गोल वळणाचे महागडे सेट विकणारे दारात येतील. वस्तू वाईट नसते, पण तोंड चुकीच्या दिशेला असेल तर तेही फुकट. विजेचा झटका देणारी काठी तर घेऊच नका. आहे त्या लाकडांत आणि जुन्या पत्र्यांत हे काम होतं, फक्त कडा आणि खिळे अंगाला लागणार नाहीत असे वळवा.

खुरधुणी :
- झिंक सल्फेट 10 टक्के (100 लिटर द्रावणात 10 किलो), किंवा फॉर्मेलिन 3 टक्के, मोकळ्या हवेत.
- द्रावण खूर बुडेल इतकं.
- आधी पाणी पाजून आणा, म्हणजे द्रावणाला तोंड लावणार नाहीत.
- मोरचूद नको, तांबं मेंढीला लवकर बाधतं.

माझा एक अंदाज, पुस्तकात शोधू नका : काम नसताना कळप दोन-तीनदा बोळातून नुसता काढून पलीकडे थोडा चारा दिला, तर लसीच्या दिवशी निम्मी ओरड वाचते. दोन-चार शांत मेंढ्या पलीकडे दिसतील अशा उभ्या केल्या तरी बाकीच्या ओढल्या जातात. हाकताना मेंढीच्या खांद्याच्या मागे राहा. खांद्यापुढे गेलात की ती मागे फिरते. लोकर धरून ओढू नका, कातडीखाली रक्त साकळतं.

आणि चेंगराचेंगरी सुरू झालीच, तर पुढच्या मेंढीला ओढत बसू नका. माणसं आणि कुत्रं मागे घ्या, मागचं फाटक उघडा, वरच्या मेंढ्या बाजूला करा.