बारीवर नाचलेल्या आज्जीची आठवण नीट कशी जपायची

फोटोला हार घातला, तिथीला पुरणाचा नैवेद्य दाखवला की झालं, असं आपल्याकडे धरून चालतात, पण जिचं सगळं आयुष्य पायात चाळ बांधण्यात गेलं तिची आठवण ताटात कशी सापडणार? माझी आज्जी संगीत बारीतली, म्हणजे थेटरात लावणी गाऊन-नाचून दाखवणाऱ्या बायकांच्या पार्टीतली. पुण्याचं आर्यभूषण थेटर, चौफुला, मोडनिंब, सगळीकडं तिची बारी लागायची. तिच्या मागं आम्ही जे जे केलं त्यातलं खरंच उपयोगी पडलेलं सांगते.

आधी नावं लिहून काढा, सगळी. बारीतल्या बायकांचं आडनाव बरेचदा गावावरून पडतं, रेशनकार्डावर भलतंच असतं, आणि मग कुठं काही सापडतच नाही. तमाशातल्या विठाबाई जन्मल्या पंढरपूरला पण लोकांसाठी नारायणगावकर, लावणीतल्या यमुनाबाई वाईकरांचं घरचं आडनाव जावळे. तुमच्या आज्जीचंही पत्रकावर एक, मतदान यादीत दुसरं असणार, त्यामुळं दोन्हीनं शोधायचं. आणि हो, सरकारच्या वृद्ध कलावंत मानधनासाठी तिनं अर्ज केला असेल तर त्याची झेरॉक्स घरात कुठंतरी असतेच, कला सिद्ध करायला म्हणून जुनी पत्रकं, दाखले, कात्रणं तिलाच जोडलेली असतात. आमच्या घरचा निम्मा इतिहास त्या एका फायलीत निघाला.

आता महत्त्वाचं. आज्जी अजून आहे का? मग बाकी सगळं सोडा आणि तिची अदा रेकॉर्ड करा. बैठकीच्या लावणीत, म्हणजे बसून गात हावभाव करायच्या लावणीत, एकच ओळ परत परत येते आणि दर वेळी डोळा वेगळा, मान वेगळी, पदर वेगळा, म्हणजे नुसते शब्द वहीत उतरवले तर हाताला काहीच लागत नाही. मोबाईल आडवा धरून स्टँडवर लावा, बसलेली आज्जी गुडघ्यापासून डोक्यापर्यंत दिसली पाहिजे, चेहऱ्याचा क्लोजअप नको, हात कापले जातात. उजेड समोरून. टीव्ही आणि पंखा बंद. तिला म्हणायचं, आज्जी ही एकच ओळ तुला वाटेल तितक्या वेळा कर, आणि मधे अजिबात बोलायचं नाही, प्रश्न नंतर. प्रश्नही नेमका विचारा, "तुमच्या काळात कसं होतं" विचारलं तर ती "चांगलं होतं बाई" म्हणून सुपारी कातरायला घेणार, त्यापेक्षा "इथं मान का वळवलीस", "ही लावणी कुणाकडून घेतलीस", "फर्माईश कुठली जास्त यायची" असं विचारलं की ती तासभर थांबत नाही.

आज्जी गेली असेल तर तिच्या पेटीवाल्याला आणि तबलजीला गाठा, आणि लवकर, तेही म्हातारे झालेत. ती कुठल्या पट्टीत गायची, पेटीवरची काळी दोन का काळी चार, कुठं थांबायची, कुठल्या तोड्याला गिरकी घ्यायची, हे घरच्यांना माहीत नसतं, त्यांच्या हातांना असतं.

कॅसेट असतील तर आधी मागच्या बाजूचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडा म्हणजे चुकून कुणी वरून रेकॉर्ड करणार नाही. आतल्या फितीवर पांढरी बुरशी दिसली तर घरी वाजवू नका, जाणकाराकडं द्या. बुरशी नसेल तर प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला जोडा, ऑडॅसिटी फुकट मिळतं, वेव्ह फाईल करा. तासाला साधारण ६०० एमबी जागा जाते, जाऊ दे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली कॉपी म्हणजे जपलेली कॉपी नव्हे.

फोटो लॅमिनेट करू नका कृपा करून. मागं मऊ पेन्सिलीनं नाव, गाव, थेटर लिहा, बॉलपेननं नको, पुढं उमटतं. नऊवारी मलमलमध्ये गुंडाळा, वर्षातून दोनदा घडी मोडून दुसरीकडून घाला, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. चाळ मात्र पितांबरीनं घासून चकचकीत करायची हौस आवरा, कोरड्या फडक्यानं पुसायचे बस, दोरी भिजली की कुजते. लावणीची हातानं लिहिलेली बाडं असतील तर पानन् पान फोटो काढून ठेवा.

सगळ्यात अवघड भाग घरातलाच. आमच्या एका काकांना आज्जी "भजनं म्हणायची" एवढंच सांगायला आवडतं, मुलींच्या सोयरिकीची भीती. त्यांच्याशी भांडू नका पण खोटंही लिहू नका. रेकॉर्डिंग घरात ठेवायला कुणाची हरकत नसते, यूट्यूबवर टाकायच्या आधी मात्र आज्जीला स्वतःला विचारा, ती नसेल तर तिच्या बहिणींना, आणि मुलांच्या बापाचं नाव, मालकाचं म्हणजे तिला ठेवलेल्या माणसाचं नाव असल्या गोष्टी तिनं सांगितल्या तरी त्या बाहेर काढायच्या का हे तिनंच ठरवायचं.

वर्षश्राद्धाला जमलं तर बैठक ठेवा. छोटीशी, घरातच, तिच्याच साथीदारांना बोलवून, तिच्याच लावण्या. फक्त "घरचंच आहे हो" म्हणून त्यांना फुकट वाजवायला लावू नका, बिदागी आधी ठरवा आणि पेटी उघडायच्या आधी पाकीट हातात द्या.