जुना ऑलिम्पस पेन ईई कॅमेरा रोल घालण्याआधी तपासताना

बॅटरी शोधत बसू नका. लेन्सभोवतीची सेलेनियमची जाळी, म्हणजे उजेड मोजणारा सेल, प्रकाशावरच चालते. डायल ‘ए’वर (ऑटो) ठेवा, फिल्मचं चाक अडेपर्यंत फिरवा, लेन्स तळहाताने पूर्ण झाका आणि बटण दाबा. व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर यायला हवी आणि शटर अडायला हवं. आता उजेडाकडे धरून दाबा: पट्टी नको, खट् आवाज हवा. भर उन्हातही लाल दिसलं, तर बहुधा सेल मेलाय. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याचं हेच झालं होतं, फार जीव हळहळला. तरी टाकू नका. ‘ए’ऐवजी लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) हाताने निवडलं की शटर चालतं.

मागचं झाकण काढून शटरच्या पात्यांवर तेल आहे का बघा. मग २४चाच रोल घाला, प्रत्येक फोटो अर्ध्याच फ्रेमवर येत असल्याने ४८ फोटो मिळतात.